बिहारमध्ये लाखोंना जगवणारा साहेब, दख्खनच्या दुष्काळात मात्र एका पौंडावर अडला

पाऊस गेला की मदतीची चर्चा सुरू होते. हेक्टरी किती, निकष काय, कोणता तालुका यादीत आला, कोणता सुटला, पैसे कधी येणार. ही चर्चा आजची वाटते, पण सरकारने आपत्तीत शेतकऱ्याला किती द्यायचं हा वाद महाराष्ट्रात जवळपास दीडशे वर्षं जुना आहे. आणि त्या वादाची सुरुवात शोधायला गेलं की एक नाव हमखास समोर येतं, सर रिचर्ड टेम्पल.

मुंबई इलाख्याचा गव्हर्नर म्हणून हा माणूस थोडाफार माहिती असतो. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाच्या गोष्टीत तो येतो आणि जातो. पण त्याची खरी गोष्ट फार चमत्कारिक आहे. एकाच माणसाने तीन वर्षांच्या अंतराने दोन दुष्काळ हाताळले. पहिल्यात त्याने पाण्यासारखा पैसा ओतला आणि माणसं वाचवली. त्याबद्दल त्याला बोलणी खावी लागली. दुसऱ्यात त्याने पैसा वाचवला आणि माणसं मेली.

रिचर्ड टेम्पलचा जन्म ८ मार्च १८२६ चा, इंग्लंडमधल्या वूस्टरशर परगण्यातला. घराणं जमीनदाराचं. शिक्षण रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत आणि नंतर हेलीबरीला. हेलीबरी म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचं कॉलेज. हिंदुस्थानात साहेब म्हणून यायचं तर तिथून तयार होऊन यावं लागे. १८४६ मध्ये टेम्पल कंपनीच्या बंगालच्या नोकरीत शिरला.

त्याला घडवलं पंजाबने. शीख राज्य खालसा झाल्यानंतर पंजाबची घडी बसवण्याचं काम जॉन लॉरेन्सच्या हाताखाली चालू होतं, तिथे टेम्पल सेक्रेटरी झाला. कामाचा उरक दांडगा. घोड्यावर दिवसभर दौरा करायचा आणि रात्री बसून लांबलचक अहवाल लिहायचे. वरिष्ठाला काय हवंय ते ओळखून तसंच नेटकं लिहून देणारा अधिकारी म्हणून तो ओळखला जाऊ लागला. हा गुण लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

१८५७ च्या उठावानंतर सरकारचा खजिना रिकामा झाला, तेव्हा तो सावरायला लंडनहून जेम्स विल्सन आला. हा विल्सन म्हणजे द इकॉनॉमिस्ट या साप्ताहिकाचा संस्थापक. हिंदुस्थानात इन्कम टॅक्स आणला तो यानेच. टेम्पल त्याचा मदतनीस होता. विल्सन काही महिन्यांतच, १८६० मध्ये, कलकत्त्यात वारला, पण टेम्पलला जमाखर्चाचं गणित शिकवून गेला.

मग त्याची गाठ नागपूरशी पडली. १८६१ मध्ये मध्य प्रांत नावाचा नवा प्रांत झाला, राजधानी नागपूर. १८६२ पासून काही वर्षं टेम्पल तिथला चीफ कमिशनर होता. विदर्भातल्या जुन्या मंडळींना मालगुजारी शब्द माहीत असतो. गावचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना जमिनीचे मालक ठरवणारी जमाबंदी त्याच्याच काळात सुरू झाली. याच काळातलं एक चांगलं कामही त्याच्या नावावर आहे. ज्यांच्या नावाने नागपुरात हिस्लॉप कॉलेज आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले. मध्य प्रांतातल्या आदिवासींबद्दल त्यांनी जमवलेली टिपणं तशीच पडून होती. टेम्पलने ती संपादित करून १८६६ मध्ये छापली. गोंडांच्या अभ्यासात ती आजही बघितली जातात.

त्यानंतर हैदराबादला रेसिडेंट, मग परराष्ट्र सचिव, मग व्हाइसरॉयच्या कौन्सिलात अर्थखात्याचा सदस्य. पायऱ्या भराभर चढत गेला. आणि १८७३ उजाडलं.

बिहारमधलं टेम्पलचं वागणं समजून घ्यायचं तर आधी सात वर्षं मागे जावं लागतं. १८६६ मध्ये ओरिसात दुष्काळ पडला होता. बंगाल सरकार हातावर हात धरून बसलं. व्यापारी धान्य आणतील, बाजार आपोआप सावरेल, ही समजूत. धान्य मागवायचं ठरलं तोवर पावसाळा लागला. रस्ते नव्हते आणि पावसात किनाऱ्याला जहाजं लागत नव्हती. धान्य वेळेत पोचलंच नाही. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, ओरिसाच्या लोकसंख्येच्या जवळजवळ एक तृतीयांश. चौकशी झाली, ताशेरे झाले, लंडनमध्ये लाज गेली. अशी वेळ पुन्हा येऊ द्यायची नाही असं त्या वेळी ठरलं होतं.

१८७३ मध्ये पाऊस लवकर गेला आणि बिहार, उत्तर बंगालमधलं भाताचं पीक बसलं. व्हाइसरॉय होता लॉर्ड नॉर्थब्रुक. बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज कॅम्पबेल म्हणत होता, तांदळाची निर्यात बंद करा. नॉर्थब्रुकला ते पटलं नाही, व्यापारावर बंदी नको. पण त्याने दुसरा मार्ग काढला, सरकारनेच बाहेरून तांदूळ विकत आणायचा. १८७४ च्या सुरुवातीला मदतकार्याची सूत्रं टेम्पलकडे दिली. कॅम्पबेलची तब्येत ढासळली आणि एप्रिलमध्ये त्याच्या जागी टेम्पलच लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

आणि मग साहेब सुटलाच. ब्रह्मदेशातून साडेचार लाख टन तांदूळ आणला. जहाजं कलकत्त्याला, तिथून रेल्वे, तिथून गंगा ओलांडून तिरहूतच्या गावांपर्यंत बैलगाड्यांची रांग. बैलगाड्यांनी भागेना म्हणून गंगेच्या काठापासून दरभंग्यापर्यंत नवा रेल्वेमार्ग टाकला, तोही दोनेक महिन्यांत. आज एका पुलाचं टेंडर निघायला किती वेळ लागतो ते आठवून बघा.

मदत देण्याची पद्धतही सैल होती. अंगात ताकद असलेल्याला काम आणि मजुरी. ज्याला काम जमत नाही त्याला घरी धान्य. ज्याच्याकडे थोडेफार पैसे आहेत त्याला सरकारी दुकानातून स्वस्तात तांदूळ. शेतकऱ्याला उसनं धान्य, पुढच्या पिकावर फेडायचं. मंडळनिहाय अधिकारी नेमले, त्यांनी गावोगाव फिरून याद्या करायच्या. कोण लायक आणि कोण नाही याची फार चिकित्सा करत बसायचं नाही. एका माणसाला एका दिवसाची मदत असं एक युनिट धरलं तर अशी तीस कोटी युनिटं वाटली गेली. खर्च सहा कोटी रुपयांच्या पुढे गेला.

सरकारी नोंदीत भूकबळींचा आकडा होता २३. सरकारी आकडे कसे असतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण दोन-तीन भूकबळी लपवता येतात, दोन-तीन लाख नाही. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश हिंदुस्थानात एवढं मोठं संकट एवढ्या थोड्या मृत्यूंवर निभावल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण.

आता कुणालाही वाटेल की या माणसाचा सत्कार झाला असेल.

झालं उलटंच. दुष्काळ वाटला होता तेवढा मोठा नव्हताच, अशी टीका सुरू झाली. मेलं कुणीच नाही म्हणजे संकट खोटं होतं, असा तो हिशोब. लाखभर टन तांदूळ शिल्लक राहिला आणि तो तोट्यात विकावा लागला, हा दुसरा मुद्दा. लंडनमध्ये उधळेपणाची ओरड झाली. त्यात द इकॉनॉमिस्टही होतं, म्हणजे टेम्पलच्या जुन्या साहेबाने काढलेलं साप्ताहिक. सरकार आपल्याला जगवेल अशी सवय हिंदी रयतेला लावून टेम्पलने घात केला, असा टीकेचा सूर होता.

या टीकेने त्याची नोकरी गेली नाही. १८७६ मध्ये त्याला बॅरोनेट हा किताबही मिळाला. पण नाव मात्र चिकटलं, पैसे उडवणारा अधिकारी. ज्याचं आयुष्य वरिष्ठांच्या मनासारखं लिहून देण्यात गेलं होतं त्याला हे फार लागलं असणार. कारण पुढची संधी मिळताच तो हा डाग धुवायला निघाला.

ती संधी म्हणजे आपला दख्खन.

१८७६ चा पावसाळा दख्खनमध्ये कोरडा गेला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूरकडचा तेव्हाचा कलादगी जिल्हा, बेळगाव, धारवाड. खाली मद्रास इलाखा आणि म्हैसूर. पिकं करपली, जनावरं चाऱ्यावाचून मेली, ज्वारीचे भाव भडकले. कुणबी आधीच सावकाराच्या कर्जाने पिचलेला होता. सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या त्याला अजून दोन वर्षंही झाली नव्हती.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. तेव्हा बँक खात्यात पैसे येत नसत. सरकारी मदत म्हणजे दुष्काळी काम. खडी फोडा, माती वाहा, तलाव खणा, रेल्वेचा भराव घाला आणि रोजची मजुरी न्या. ज्याचं शेत करपलं तो शेतकरी, त्याची बायको, त्याची पोरं त्या कामावर यायची. म्हणजे मजुरीचा दर हाच नुकसानभरपाईचा दर होता. तो किती ठेवायचा यावर माणूस जगणार की नाही हे ठरत होतं.

मुंबई सरकारने सुरुवातीला त्यातल्या त्यात बरी व्यवस्था केली होती. मोठी कामं काढा, तिथे माणसं लावा, पोट भरेल एवढी मजुरी द्या. दौंड-मनमाड रेल्वेमार्गाचं मातीकाम अशाच दुष्काळी मजुरांच्या हातून झालं. आज त्या मार्गाने जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं कोण जाणे.

पण कलकत्त्याला व्हाइसरॉय बदलला होता. नॉर्थब्रुक गेला आणि १८७६ मध्ये लॉर्ड लिटन आला. कवी माणूस, राजनैतिक नोकरीतून आलेला. त्याच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक, उत्तरेला अफगाणिस्तानचं प्रकरण, ज्याला पैसा लागणार होता. दुसरी, दिल्लीचा दरबार. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची घोषणा दिल्लीत थाटामाटात झाली. तेव्हा दक्षिणेत दुष्काळ होताच. मद्रास सरकार तर गुपचूप धान्य विकत घेत होतं. लिटनला ते अजिबात पसंत नव्हतं. धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालायचा नाही आणि खर्च आवरायचा, हे त्याचं धोरण.

हे धोरण घेऊन मुंबई आणि मद्रासला जायला माणूस हवा होता. लिटनने टेम्पलला निवडलं. उधळ्या म्हणून नाव पडलेला माणूसच काटकसर करायला पाठवला की तो जास्तच काटकसर करतो, हे लिटनला कळत असावं.

जानेवारी १८७७ मध्ये टेम्पल दुष्काळी भागात निघाला. रेल्वे, घोडा, बैलगाडी, मिळेल ते वाहन. जिल्ह्यामागून जिल्हे त्याने अक्षरशः पालथे घातले. बिहारमध्ये होता तसाच वेग. पण आता तो वेग नावं वाढवायला नव्हता, कमी करायला होता. कामांवर गरज नसलेली माणसं शिरली आहेत, असं त्याचं मत झालं आणि मोठ्या संख्येने नावं कटली. मदत हवी तर माणसाने घर सोडून छावणीवर यायचं, धडधाकट असेल तर घरापासून दहा मैलांच्या आत काम द्यायचं नाही, अशी चाळणी लावली गेली. खरा गरजू असेल तो येईलच, हा त्यामागचा विचार. पण दहा मैल चालण्याची ताकद संपलेली असते तेव्हाच माणूस खरा गरजू झालेला असतो, हे त्या चाळणीत बसत नव्हतं.

आणि मग आला मजुरीचा प्रश्न. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर अर्धा आणा, असा दर पुढे आला. मद्रासमध्ये आधी दीड पौंडाचा हिशोब होता, तो एकावर आणला. बाईला आणि पोरांना त्याहून कमी. इतिहासात हा दर टेम्पल वेज म्हणून ओळखला जातो.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. दिवसभर उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाला त्यात चार-साडेचार भाकरी. डाळ नाही, तेल नाही. मीठ, मिरची, सरपण, दळण सगळं त्या अर्ध्या आण्यात बसवायचं. भाव चढलेले असताना.

टेम्पलचं म्हणणं असं की हा प्रयोग आहे, करून बघू. लोकांची तब्येत ढासळताना दिसली तर वाढवू. हा प्रयोग लाखो माणसांवर चालू झाला.

पहिला विरोध सरकारच्या आतूनच झाला. मद्रासचा सॅनिटरी कमिशनर डॉक्टर विल्यम कॉर्निश याने आकडेवारी मांडली की काम करणाऱ्या माणसाला एवढ्यावर ताकद टिकवता येणार नाही, दीड पौंड धान्य आणि सोबत डाळ-भाजी लागतेच. टेम्पल आणि कॉर्निश यांची कागदोपत्री चकमक बरीच रंगली. एक म्हणतो माणसं ठीक दिसतात, दुसरा म्हणतो वजन करून बघा. शेवटी मे १८७७ मध्ये मद्रास सरकारने दर वाढवला. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

दुसरा विरोध पुण्यातून. आणि हा भाग मराठी वाचकाने आवर्जून वाचायला हवा, कारण सरकारी मदतीच्या दराविरुद्ध इथल्या शेतकऱ्यांनी केलेला हा कदाचित पहिला मोठा संप होता.

पुण्यात १८७० मध्ये सार्वजनिक सभा स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तिचा प्राण. न्यायमूर्ती रानडे त्या वेळी पुण्यातच होते आणि त्यांचं डोकं सभेच्या मागे होतं. दुष्काळ पडताच सभेने आपली माणसं गावोगाव पाठवली. पाऊस किती, पीक किती, विहिरींना पाणी किती, जनावरं किती उरली, कामावर किती माणसं, मजुरी किती मिळते. ही माहिती जमवून सभा सरकारला एकामागून एक पत्रं धाडू लागली. सरकारचे पंचनामे सरकार करत होतंच, पण सरकारपेक्षा वेगळे, लोकांच्या बाजूचे पंचनामे इथे पहिल्यांदा होत होते.

सभेने एक बोचरी तुलना मांडली. मुंबईच्या तुरुंगातल्या कैद्याला मिळणारं अन्न आणि दुष्काळी कामावरच्या मजुराला मिळणारी मजुरी शेजारी शेजारी ठेवली. कैदी वरचढ ठरत होता. गुन्हा केला असता तर जास्त जेवायला मिळालं असतं, असा सरळ हिशोब निघत होता.

आणि मजुरांनी काम सोडलं. नवे दर आणि कमी मजुरीच्या कामांवर जाण्याची सक्ती मान्य नाही म्हणून एक लाखाहून जास्त माणसं दख्खनच्या कामांवरून उठून गेली. उपाशी माणसाने मिळतंय तेही सोडून जाणं ही साधी गोष्ट नाही. सरकारने अर्थ काढला तो उलटाच, की बघा, गेले म्हणजे यांना गरजच नव्हती. सभेच्या लोकांनी चिथावलं, असाही ठपका आला. चिथावणीचा भाग सोडून देऊ, पण एवढी माणसं एकाच कारणाने उठतात तेव्हा दराचा हिशोब त्यांना नीट कळलेला असतो.

मे १८७७ मध्ये टेम्पल मुंबईचा गव्हर्नर झाला. म्हणजे जे दर त्याने बाहेरून सुचवले होते त्यांचे परिणाम आता त्याच्याच दारात येऊन पडले. त्या वर्षीही पावसाने ओढ दिली. दुष्काळ आणखी लांबला. पुढे पाऊस आला तेव्हा उपासमारीने खंगलेल्या लोकांना हिवतापाने गाठलं. शेतसारा काही ठिकाणी तहकूब झाला, पण माफ फारसा झाला नाही. बाकी पुढच्या वर्षांत वसूल करायचीच, हे सरकारचं धोरण. शेत गेलं, बैल गेले आणि बाकी मात्र राहिली.

या महादुष्काळात ब्रिटिश हद्दीतच पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मद्रास आणि म्हैसूरच्या मानाने मुंबई इलाख्यात कमी माणसं मेली. मोठी कामं वेळेत काढण्याचं मुंबईचं मूळ धोरण त्याला बऱ्याच अंशी कारण होतं. आणि सगळं पाप एकट्या टेम्पलच्या माथी मारणंही बरोबर नाही. हुकूम लिटनचा होता, लंडनचा पाठिंबा होता, आणि तीन वर्षांपूर्वी जास्त देण्याची शिक्षा टेम्पलने भोगली होती. पण दरभंग्यात काय केल्याने माणूस जगतो हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. ते न बघितलेला अधिकारी असता तर गोष्ट वेगळी.

गव्हर्नर म्हणून त्याचा कारभार जोरात चालला. दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला. अफगाण युद्ध सुरू झालं तेव्हा सिंध मुंबई इलाख्यात असल्यामुळे सैन्याची रसद पोचवणं त्याच्याकडे आलं. सिंधमधल्या रुकपासून सिबीपर्यंत वाळवंटातून एकशे तेहतीस मैलांचा रेल्वेमार्ग एकशे एक दिवसांत टाकला गेला. दरभंग्याला जो झपाटा धान्यासाठी दिसला होता तोच इथे तोफांसाठी दिसला.

इकडे दख्खन धुमसत होता. पुण्यात लष्कराच्या हिशोब खात्यात कारकून असलेले वासुदेव बळवंत फडके दुष्काळी भागात फिरले. तिथे त्यांनी जे बघितलं ते त्यांच्या आत्मकथनात आलं आहे. १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांनी रामोशांना सोबत घेऊन बंड उभारलं. सरकारने त्यांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं, तेव्हा फडक्यांनी उलट गव्हर्नरच्या डोक्यावर इनाम लावलं. तो गव्हर्नर म्हणजे हाच टेम्पल. जुलैमध्ये फडके कलादगी जिल्ह्यात पकडले गेले, एडनला पाठवले गेले आणि तिथेच १८८३ मध्ये गेले.

त्याच वर्षी दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता. शेतकरी कर्जापायी तुरुंगात जाऊ नये, कोर्टाने सावकाराचा हिशोब मागे जाऊन तपासावा, अशा तरतुदी त्यात होत्या. पार्श्वभूमी १८७५ च्या दंग्यांची. दुष्काळाने आणि बंडाने निकड पटवून दिली.

आणि दुष्काळाची चौकशी करायला १८७८ मध्ये रिचर्ड स्ट्रॅची याच्या अध्यक्षतेखाली कमिशन नेमलं होतं, त्याचा अहवाल १८८० मध्ये आला. आजच्या मदतीच्या पद्धतीचं मूळ इथे आहे. संकट आल्यावर अधिकाऱ्याच्या मर्जीने काय ते ठरवायचं नाही, आधीच नियम लिहून ठेवायचे. कधी दुष्काळ जाहीर करायचा, कामं कधी काढायची, मजुरी तब्येत टिकेल एवढी कशी ठरवायची, कामाला येऊ न शकणाऱ्याला घरपोच काय द्यायचं, सारा कधी तहकूब करायचा, तगाई कशी द्यायची. यातून फॅमिन कोड आला. बियाणं, बैल आणि विहिरींसाठी सरकारी कर्ज देणारे तगाईचे दोन कायदे १८८३ आणि १८८४ मध्ये झाले. एका अर्थी बिहारचा सढळ हात आणि दख्खनचा आखडता हात या दोन्ही टोकांना घाबरून काढलेला हा मधला रस्ता होता.

या कोडचा खरा वापर कसा करायचा ते टिळकांनी दाखवलं. १८९६ मध्ये पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा सार्वजनिक सभा त्यांच्या ताब्यात होती. त्यांनी कोड मराठीत आणून गावोगाव पोचवला. सरकारच्याच पुस्तकात लिहिलंय की पीक गेलं तर साऱ्यात सूट मिळते, मग मागा. सरकार चिडलं, सभेची माणसं धरली गेली, १८९७ मध्ये सभेची मान्यताही काढून घेतली. सार्वजनिक काका तेव्हा हयात नव्हते. पण त्यांच्या वेळची विनंती आता मागणी झाली होती.

थोडं विषयांतर. १९६३ मध्ये महाराष्ट्र सरकारने कायदा करून राज्याच्या कायद्यांतून फॅमिन हा शब्दच काढून टाकला. तिथे आला स्कॅर्सिटी, म्हणजे टंचाई. सरकारी कागदांत दुष्काळसदृश परिस्थिती वगैरे शब्द का येतात असा प्रश्न पडत असेल तर त्याच्यामागे हाही एक धागा आहे.

टेम्पलने हे सगळं लांबून बघितलं. १८८० मध्येच मुदत संपण्याआधी तो गव्हर्नरपद सोडून इंग्लंडला निघून गेला होता, कारण त्याला पार्लमेंटची निवडणूक लढवायची होती. ती हरला. १८८५ मध्ये जिंकला आणि पुढची दहा वर्षं खासदार राहिला. लंडनच्या स्कूल बोर्डातही काम केलं. जलरंगात निसर्गचित्रं काढायचा छंद होता, हिंदुस्थानातल्या दौऱ्यांतही तो सोबत असायचा. पुस्तकं बरीच लिहिली, त्यात हिंदुस्थानातल्या आठवणींचा १८८२ चा ग्रंथ आणि १८९६ चं आत्मचरित्र. त्याचा मुलगा रिचर्ड कार्नाक टेम्पल, पंजाबच्या लोककथा जमवणारा आणि अंदमानचा चीफ कमिशनर. नाव सारखं असल्यामुळे इंटरनेटवर बाप-लेकांची सर्रास सरमिसळ झालेली दिसते.

१८९९-१९०० मध्ये छप्पनचा दुष्काळ आला. टेम्पल ज्या इलाख्याचा गव्हर्नर होता तिथे पुन्हा लाखो माणसं खडी फोडायला उभी राहिली, या वेळी फॅमिन कोडच्या तक्त्यातल्या दराने. त्यानंतर दोन वर्षांनी, १५ मार्च १९०२ रोजी, लंडनच्या हॅम्पस्टेड भागातल्या घरी टेम्पल वारला. शहात्तर वर्षांचा होता.